दारचा हत्ती

माणसाला चाळिशी लागते ती दोन ठिकाणी. एक नाकावर आणि दुसरी डोक्यात. नाकावरची चाळिशी चष्मेवाल्याकडे जाऊन तासाभरात निस्तरता येते. डोक्यातली कोणते रूप घेईल याचा मात्र नेम नाही. माझा एक सहकारी चाळिशीनंतर पहाटे उठून पोहायला जाऊ लागला. दुसऱ्याने ज्योतिषाचे ग्रंथ जमवले. तिसऱ्याने जन्मभर गणित शिकवले होते. तो कविता करू लागला, आणि मी मराठी शिकवतो या एकाच अपराधाबद्दल त्या मला ऐकवू लागला. या साऱ्या मंडळींना मी मनातल्या मनात हसत असे. आता तो अधिकार माझ्याकडे उरलेला नाही. कारण वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, दारात एक चांगली चालणारी स्कूटर असताना, मी एक अमेरिकन मोटार विकत घेतली. डॉज किंग्जवे. सन १९५३.

'अमेरिकन मोटार' हे शब्द ऐकताच वाचकांच्या डोळ्यांपुढे काय उभे राहिले असेल ते मला ठाऊक आहे. होडीएवढी लांब, शेपटाला पंख फुटलेली, टप उघडी टाकून घाटातून गात जाणाऱ्या नायकाची गाडी! तसल्या गाडीशी माझा काही संबंध नाही. ती श्रीमंतांची बाब. माझी डॉज चार दारांची, गोलमटोल, कपाळावर थोडे चकाकते लेणे घातलेली, लग्नघरातल्या एखाद्या पोक्त आत्याबाईसारखी आहे. अमेरिकेत ती रंकाची नसली तरी राजाचीही नव्हती. तिकडचा कारकूनसुद्धा असली गाडी बाळगी. आणि तिच्या अमेरिकनपणाबद्दल तरी किती बोलावे? ती जोडली गेली ती मुंबईत, कुर्ल्याला.

हा इतिहास मला गाडी घेईपर्यंत माहीत नव्हता. आपल्याकडे फोर्ड कंपनी १९२६ साली आली. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडून शेव्हरोलेट गाड्या उभ्या करण्यास सुरुवात केली. पुढे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी मनावर घेतले, की मोटार या देशातच झाली पाहिजे. इंग्रज सरकारच्या राज्यात त्यांची डाळ शिजेना. तरी १९४४ साली त्यांनी प्रीमियर कंपनी काढली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ साली वालचंद वारले. त्याच सुमारास सरकारने धोरण ठरवले, की नुसती जोडणी पुरे झाली, येथे भाग बनवणार असाल तरच राहा. १९५४ पर्यंत फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोघांनीही येथला गाशा गुंडाळला. मग आल्या आपल्या फियाट आणि अँबॅसडर. अमेरिकन गाडी दुर्मिळ झाली. जिच्याकडे होती तिने ती पुढची तीस वर्षे दोऱ्याने, तारेने आणि देवाच्या नावाने चालवली.

आता तुम्ही विचाराल, की आमच्या नगरसारख्या गावी असल्या गाड्या आल्या कुठून? (२०२४ पासून आमच्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे, पण माझ्या वडिलांच्या तोंडी अजून नगरच आहे, आणि ही हकीकत बरीचशी त्यांची असल्यामुळे मीही नगरच म्हणतो.) याचे उत्तर पाण्यात आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, आणि ज्या रानात बाजरी कशीबशी तग धरी तेथे ऊस उभा राहिला. आधी हरेगाव, टिळकनगर असे खासगी कारखाने आले. १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला. उसाबरोबर पैसा आला, आणि पैशाबरोबर मोठ्या बागायतदारांच्या वाड्यांत मोटारी आल्या.

अशाच एका बागायतदाराच्या मोटारीवर माझे आजोबा ड्रायव्हर होते.

आजोबांना मी पाहिलेले नाही. त्यांच्याविषयी मला जे ठाऊक आहे ते माझ्या वडिलांकडून. आणि दादा म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षे मुलांना बोलते करून स्वतः घरी मुके राहिलेले गृहस्थ. तरी वर्षा-दोन वर्षांतून एकदा, बहुधा जेवण झाल्यावर सुपारी कातरताना, ते एक गोष्ट सांगत. ती अशी: दादा आठ-नऊ वर्षांचे होते. गाडी पुसायची, टपावरची धूळ झटकायची, चाकांवरचा चिखल ओल्या फडक्याने काढायचा, हे त्यांचे रोजचे काम. आत बसायचे नाही हे न सांगता ठरलेले. एक दिवस मालक परगावी गेलेले, आजोबा विहिरीवर. दादांनी मागचे दार उघडले आणि ते आत, मालकांच्या जागी, जाऊन बसले. गादी इतकी मऊ, की आपण खाली खाली जात आहोत असे त्यांना वाटले. तेवढ्यात आजोबा आले. त्यांनी दादांना दंडाला धरून बाहेर ओढले आणि कानाखाली वाजवली.

"मालकांनी कधी मला 'अरे' म्हटलं नाही," दादा म्हणत. "मारलं ते अण्णांनी. जन्मात एकदाच."

एवढे सांगून ते सुपारी तोंडात टाकत. गोष्ट संपली. मी तिच्यावर वर्गात कधी बोललो नाही, कुठे लिहिलेही नाही. पण काही गोष्टी घरातल्या जुन्या पाटासारख्या असतात. वापर नसतो, तरी टाकवत नाहीत.

त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या वर्गातला एक विद्यार्थी जेव्हा तासानंतर म्हणाला, "सर, आमच्या गावात एका वाड्यात जुनी अमेरिकन गाडी पडलीय, दिवाळीनंतर भंगारात जाणार," तेव्हा माझ्या डोक्यातली चाळिशी एकदम जागी झाली. गाव प्रवरेकाठचे होते. रविवारी मी त्याच्या मागे मोटरसायकलवर बसून गेलो.

गाडी गोठ्यात होती. तिच्या टपावर कडब्याच्या पेंढ्या होत्या आणि मागच्या गादीवर एका कोंबडीने संसार मांडला होता. वाड्याचे धाकटे मालक माझ्याच वयाचे. शेतीपेक्षा त्यांचे लक्ष शहरातल्या जमिनींवर जास्त. ते म्हणाले, "सर, न्यायची तर न्या. नाहीतर भंगारवाला बोलावलाच आहे. तो किलोवर घेतोय."

असल्या व्यवहारात मी केवळ बालक. पण माझ्या सुदैवाने नगरमध्ये एक वृद्ध मिस्त्री आहेत. सारे त्यांना उस्ताद म्हणतात. पोरवयात त्यांनी मुंबईत डॉज आणि प्लिमथ टॅक्सींच्या खाली पडून विद्या मिळवली. त्यांना पुढच्या रविवारी घेऊन गेलो. गाडीची किंमत विचारण्याआधी त्यांनी जे पाहिले ते येथे लिहून ठेवतो. कुणाला चाळिशी लागलीच तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, त्यांनी इंजिन चालते का हे विचारलेच नाही. इंजिन तेच आहे का, एवढे पाहिले. पेट्रोल महागल्यावर पुष्कळांनी या गाड्यांचे मूळ इंजिन काढून तेथे डिझेलचे बसवले. तशी गाडी म्हणजे शकुंतलेच्या तोंडी तमाशातली लावणी. इंजिनावरचा कोरीव आकडा आणि कागदावरचा आकडा एक आहे ना, हे त्यांनी काडी पेटवून वाचले. दुसरी गोष्ट, ते गाडीखाली झोपले आणि स्क्रू-ड्रायव्हरने सांगाडा टोचत गेले. वरचा गंज पुसता येतो, खालचा गंज गाडी खातो. तिसरी, काचा, दारांच्या मुठी, दिव्यांच्या कडा, पुढची जाळी हे सारे जागेवर आहे का ते मोजले. "सर, पिस्टन मिळेल, बेअरिंग मिळेल, अमेरिकेतून मागवू, नाही तर कातून घेऊ. पण ही पुढची पट्टी हरवली तर जिंदगी जाईल तिच्या शोधात." चौथी गोष्ट कागदांची. ते वाड्यातल्या पत्र्याच्या ट्रंकेत निघाले. वाळवीने समास तेवढे खाल्ले होते, मजकूर शाबूत होता. एखाद्या चांगल्या समीक्षकाने असेच करावे!

मागणी तीन लाखांची होती. सौदा एक लाख ऐंशी हजारांवर तुटला. उघड्या टपाच्या किंवा पंखवाल्या गाडीला याच्या कितीतरी पट मोजावे लागले असते. स्वस्तात अमेरिकन हवी असेल तर चार दारांची, सहा सिलिंडरांची, आणि कोणत्याही चित्रपटात न झळकलेली बघावी, हे उस्तादांचे वचन मी शिरोधार्य मानले.

पैसे होते. सातव्या वेतन आयोगाचा फरक मिळाला होता आणि तो स्वयंपाकघराचा ओटा नवा करण्यासाठी राखून ठेवला होता. सौभाग्यवतीला मी सारे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फरकाचे पैसे काय आले, तुमच्यातच फरक पडला." मराठीचा अध्यापक मी, पण घरात श्लेष तिला साधतो. थोड्या वेळाने तिने विचारले, "दादांसाठी घेताय ना?" मी म्हटले, "हो." "मग तसं कबूल करा. छंद-बिंद म्हणू नका. आणि दादांना आत्ता सांगू नका. नाही चालली, तर त्यांना उगाच वाईट वाटेल." ओटा अजून जुनाच आहे. तिने त्याबद्दल पुन्हा तोंड उघडलेले नाही, आणि हेच मला अधिक जड जाते.

गाडी ट्रकवर घालून उस्तादांच्या शेडमध्ये आणली. तेथे ती चौदा महिने राहिली. दर रविवारी 'पेपर तपासायचे आहेत' असे दादांना सांगून मी शेडमध्ये जात असे. इंजिन साधारण साडेतीन लिटरचे आहे, हे कळल्यावर मला अतोनात आनंद झाला. ओवीचे चरण साडेतीन! ज्या जिल्ह्यात, नेवाशाला, ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या जिल्ह्यात याहून योग्य इंजिन कोणते? हे मी उस्तादांना ऐकवले. ते म्हणाले, "ते ठीक आहे सर, पण सहापैकी दोन घरांत दम नाही."

माझ्या मदतीचा एक प्रसंग सांगतो. उस्ताद नमाजाला गेले होते. तेवढ्यात डाव्या बाजूची चाके काढून ठेवावीत असे मी ठरवले. पान्यावर उभा राहिलो, उड्या मारल्या, शेजारच्या पंक्चरवाल्या पोराला पाइप लावायला सांगितले. एक बोल्ट तुटला. दुसऱ्याला आम्ही जास्त जोर लावला, तोही तुटला. उस्ताद परतले आणि कपाळावर हात मारून हसू लागले. त्या काळच्या क्रायस्लरच्या गाड्यांत उजव्या चाकांचे बोल्ट नेहमीसारखे, पण डाव्या चाकांचे उलट्या आट्यांचे असतात. चाक फिरता फिरता बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून. सोडवतो आहोत असे समजून आम्ही दोघे तासभर ते आवळत होतो. आयुष्यातल्या काही माणसांची मला त्या वेळी आठवण झाली. बॅटरीचेही तेच. आजच्या गाडीत बारा व्होल्ट आणि उणे टोक सांगाड्याला. हिच्यात सहा व्होल्ट आणि अधिक टोक सांगाड्याला. रात्री तिचे दिवे लावले की समया लावल्यासारखे वाटते.

पेट्रोलची कथा आणखी न्यारी. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. जुन्या गाडीतल्या रबराच्या नळ्यांना, पंपाच्या पडद्यांना ते सोसत नाही. शिवाय ते हवेतले पाणी ओढून घेते आणि उभ्या गाडीची टाकी आतून गंजवते. उस्तादांनी साऱ्या नळ्या बदलल्या. आणि हे इथेनॉल होते कशाचे? पुष्कळसे उसाचे! आमच्याच जिल्ह्यातले कारखाने ते गाळतात. ज्या उसाने ही गाडी वाड्यात आणली, तोच ऊस सत्तर वर्षांनी तिच्या नळ्या कुरतडायला आला. एका लिटरला ती सहा किलोमीटर जाते, तेही तिची मर्जी असेल तर.

हिशेब विचारू नका. खरेदीला जेवढे गेले तेवढेच दुरुस्तीला गेले, आणि वर थोडे. जुनी गाडी स्वस्त मिळते याचा अर्थ एवढाच, की पहिला हप्ता लहान असतो. कायद्याचेही पाहावे लागले. पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने वेगळे नियम केले. ती प्रदर्शनाला न्यावी, मेळाव्याला न्यावी, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यावी. रोजच्या ये-जा करण्याला मात्र नाही. म्हणजे गाडी निरुपयोगी आहे, यावर सरकारने शिक्काच मारला. मला त्याचे वाईट वाटले नाही. चोवीस वर्षे ललित वाङ्मय शिकवणाऱ्याला निरुपयोगी गोष्टींची सवय असते. आणि ज्या गावात जगभरचे रणगाडे संग्रहालयात मांडून ठेवले आहेत, तेथे एका डॉजने कोणाचे काय बिघडणार?

गेल्या दसऱ्याला गाडी घरी आली. सावेडीतल्या आमच्या गल्लीत ती शिरली तेव्हा मुले मागे धावली. मी मागची गादी मुद्दाम नवी भरून घेतली होती. चांगला जाड फोम, वर तपकिरी रेक्झिन. उस्ताद म्हणाले होते, पुढची आधी करा, ड्रायव्हरला स्प्रिंगा टोचतात. मी ऐकले नव्हते. मला मागचीच हवी होती.

दादा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. काठी टेकत बाहेर आले. गाडीकडे बराच वेळ पाहिले. सौभाग्यवती ओवाळणीचे ताट घेऊन उभी होती, माझी मुलगी टाळ्या वाजवत होती. मी पुढे होऊन मागचे दार उघडले आणि, खोटे कशाला सांगू, माझा कंठ दाटून आला.

"दादा, बसा."

दादा म्हणाले, "ही डॉज आहे ना रे?"

"हो."

"मालकांची शेव्हरोलेट होती."

मी उघडे दार हातात धरून तसाच उभा राहिलो. इतक्या वर्षांत ती गोष्ट मी कितीदा ऐकली असेल; पण गाडी कोणती होती हे मी एकदाही विचारले नव्हते. ते 'अमेरिकन गाडी' म्हणत आणि मला तेवढे पुरे होई. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो, की संहिता नीट वाचा. वडिलांची संहिता मात्र मी चाळली होती.

"पण चांगली आहे," दादा म्हणाले. त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला, पुसल्यासारखा. मग मी उघडलेल्या दाराकडे न येता ते वळसा घालून पुढे गेले. ड्रायव्हरच्या बाजूला. काठी माझ्या हातात दिली, दार उघडले, आणि कमरेत वाकून हळूहळू त्या फाटक्या, स्प्रिंगा टोचणाऱ्या जागेवर बसले.

"दादा, मागे बसा ना! तुमच्यासाठी ती गादी..."

"मालकाची जागा घेऊन मी काय करू?" ते म्हणाले. "ती तेव्हाच बघून झाली." त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. चाक मोठे आहे, त्यांचे हात त्यावर लहान दिसत होते. "अण्णा इथं बसायचे. दिवस दिवस. उन्हात मालकांची वाट बघत. मी पुसताना काचेतून बघायचो त्यांच्याकडे. ते कधी बोलायचे नाहीत." थोडे थांबून त्यांनी खाली चाचपले. "टोचतं की रे इथं."

"करून घेतो, दादा."

"त्यांचीही टोचत असेल," ते म्हणाले.

एवढ्यात माझी दहा वर्षांची कन्या उघड्या मागच्या दारातून धाडकन आत शिरली. पायांत चपला, हातात आइसक्रीमची कांडी. नव्या कोऱ्या गादीवर तिने एक उडी मारली आणि पांढरा ठिपका रेक्झिनवर पडला. दादांनी आरशात पाहिले. ते झर्रकन मागे वळले. त्यांचा उजवा हात वर उठला. शाळामास्तर असूनही ज्यांनी छत्तीस वर्षांत एका मुलाला मारल्याचे मी ऐकले नाही, त्या माणसाचा तो हात क्षणभर तसाच वर राहिला.

मग तो खाली आला तो भोंग्यावर.

सहा व्होल्टांचा तो भोंगा सर्दी झालेल्या हेल्यासारखा ओरडला. गल्लीतली कुत्री भुंकू लागली. मुलगी खिदळली. "आजोबा, परत!" म्हणाली.

"चपला काढायच्या नाहीत का?" सौभाग्यवती दारातून तिच्यावर ओरडली.

"राहू दे गं," दादा म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा भोंगा वाजवला.